पाच इंच वर

"एवढी उंच कशाला हवीय काका?" मेकॅनिकनं गाडीखालून डोकं बाहेर काढत विचारलं.

"होईल तितकी करा," काका म्हणाले. हातात मोजपट्टी घेऊन ते ड्रायव्हरच्या दारापाशी वाकले होते. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर त्यांनी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा मान हलवली.

"स्प्रिंगा बदलून तीन इंच. मोठे टायर टाकले की आणखी दोन. त्याच्या वर गेलो तर वळणावर लोळण घेईल. तशीही आता जपूनच चालवावी लागेल."

"पाच." काकांनी मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. "पाचात भागावं."

काकू अजून गाडीतच होत्या. मांडीवर पर्स धरून समोर बघत बसलेल्या. गाडी आत घ्यायची होती, तरी उतरायचं नाव घेईनात. शेवटी काकांनी त्यांच्या कानाशी काही सांगितलं, तशा त्या हसत लगबगीनं उतरल्या.

"आई वाट बघतेय माझी," त्यांनी मेकॅनिकला सांगितलं. "डोंगरावर घर आहे. रस्ता म्हणजे नुसते धोंडे. लवकर कराल ना?"

"दोन दिवसांत देतो काकू."

मेकॅनिकनं मनात हिशेब केला. काकू सत्तरीच्या पुढच्या, म्हणजे आई नव्वदीच्याही पलीकडे असणार. त्याची स्वतःची आई अशीच वाट बघत होती. पुढच्या आठवड्यात येतो, पुढच्या आठवड्यात येतो, असं तो चार महिने सांगत राहिला. गेला तो खांदा द्यायलाच.

"त्यापेक्षा उंच गाडीच घ्या की दुसरी," तो काकांना म्हणाला. "हिला अकरा वर्षं झाली."

"तिला हीच लागते. दारात दिसली नाही तर घरात ठरत नाही ती." काकांनी किल्ली त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "ही जरा नीट ठेवा. कुठंही लपवा, तिला सापडते."

"आमच्या घरात तेच! मी विड्या पिठाच्या डब्यात लपवल्या तरी हिला वास लागतो."

काका हसले नाहीत.

पुढच्या बंपरचा कोपरा आत गेला होता. डाव्या दाराची काच बाकीच्यांपेक्षा नवी होती. "हा पोचा काढून देऊ का? हातासरशी होईल," मेकॅनिकनं विचारलं.

"राहू दे. आता कशाला."

"मग दाराखाली पायरी तरी बसवू. पाच इंच वाढल्यावर काकूंना चढता यायचं नाही."

"नको."

"अहो, जुनी पडलीय माझ्याकडे—"

"नको म्हटलं ना!" काकांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "राहू द्या. एवढंच करा. माझ्याच्यानं आता दुसरं काही सुचत नाही."

निघताना काकूंनी पुन्हा सांगितलं, आई वाट बघतेय, डोंगरावर घर आहे. मेकॅनिकनं पुन्हा मान डोलावली.

काम चिवट निघालं. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले. तेल सोडून, ठोकून, शिव्या घालून एकेक सोडवावा लागला. गाडी वर गेली तशी ब्रेकची नळी तोकडी पडायला लागली, ती बदलली. नवे टायर वळताना घासत होते, म्हणून चाकांच्या कमानी आतून कापल्या. दुसऱ्या संध्याकाळी गाडी चार पायांवर उभी राहिली, तेव्हा तिचा उंबरा त्याच्या मांडीला लागत होता.

जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पायरी नको म्हणून म्हातारा कसा अंगावर आला, तेही.

"मानी असेल," बायको म्हणाली. "मानी माणसाला विचारायचं नसतं. करून टाकायचं."

त्याला ते पटलं. भंगारातल्या एका गाडीच्या आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या त्याच्याकडे पडून होत्या. एरवी दाराखाली दडलेल्या, दार उघडलं की खाली येणाऱ्या. सकाळी त्यानं त्या दोन्ही बाजूंना बसवल्या.

गाडी घरी आणून सोडा, असं काकांनी बजावलं होतं. दुपारी मेकॅनिकनं ती फाटकासमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवून उतरला आणि दार लावलं. काकू पर्स घेऊन तयार होत्या. मागून काका आले. त्यांनी गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल पडले.

"जा," ते हळूच म्हणाले. "चढून बघ."

काकू सरळ ड्रायव्हरच्या दाराकडे गेल्या.

"काकू चालवतात?" मेकॅनिकनं कौतुकानं विचारलं.

काकूंनी दार ओढलं. खालून पायरी अलगद बाहेर आली.

"ही माझ्याकडून," मेकॅनिक म्हणाला. "आईकडं जायला."

काकूंनी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि एका दमात वर चढून बसल्या. दार बंद झालं. आतून कडी पडल्याचा टक असा आवाज आला.

"अगं थांब! उतर खाली!" काका धावले. त्यांचा हात काचेवरून घसरला. गाडीनं झटका घेतला, मोठ्या चाकांनी खडी उडवली आणि ती भरधाव कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली.

मेकॅनिक बावचळला. "जाऊ दे काका. आईला भेटायची घाई झाली असेल."

"तिची आई जाऊन तीस वर्षं झाली." काकांनी फाटक धरलं आणि तिथंच खाली बसले. "तिला चढता येऊ नये, म्हणून तर उंच करून घेतली होती."