वाकडी चाल

“चालायचं नाही म्हणजे नाही,” मोठे सर म्हणाले. “डावा पाय असा अर्धगोल फिरवून टाकतात त्या. ती सवय एकदा मेंदूत बसली की जन्मात निघायची नाही. आधी कंबर, मग गुडघा, मग पाऊल. तोवर घरात एक पाऊलही नको.”

हे ते सांगत होते धाकट्या मॅडमना. ज्यांच्या पायाचा विषय चालला होता त्या बाई दोघांच्या मधोमध खुर्चीत बसून होत्या. समोर भिंतभर आरसा, आरशावर उभी लाल पट्टी. बसताना नाक पट्टीवर यायला हवं, असा इथला नियम. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाईंचं नाक काही पट्टीवर येत नव्हतं. आज तर ते रागाने पट्टीइतकंच लाल झालं होतं.

“पण सर, चालल्याशिवाय चालणं येणार कसं?” धाकट्या मॅडम म्हणाल्या. फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम करून त्या नुकत्याच इथे लागल्या होत्या. “पट्ट्यांनी वरून आधार देऊ आणि मशिनवर चालवू. पावलं वाकडी पडली तर पडू देत. जितकी जास्त पडतील तितकं मेंदू शिकेल.”

“आणि गुडघा कायमचा बिघडला म्हणजे?”

“आणि बसून बसून पाय चालणंच विसरला म्हणजे?”

गंमत अशी की दोघांचंही थोडंथोडं खरं होतं. दोघांनीही माणसं उभी केली होती, दोघंही मनापासून भांडत होते. पण इतका वेळ डोक्यावरून तोफा डागताना दोघांपैकी एकालाही खाली बघून विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तुम्हाला नेमकं जायचंय तरी कुठे?

बाईंना संडासात जायचं होतं. आत्ता जायचं होतं, आणि घरी रोज जायचं होतं. एकटीने, दार लावून. एवढंच.

सरांचा हुकूम घरी तंतोतंत पाळला जात होता. लेक सकाळी कामावर जायची. जावई घरून काम करायचा, म्हणून दिवसा बेडपॅन द्यायचा तो. माणूस सोन्यासारखा. भांडं सरकवून भिंतीकडे तोंड करायचा आणि बाईंना अवघड वाटू नये म्हणून उकाड्याबद्दल मोठमोठ्याने बोलत राहायचा. पण जावई तो जावई. त्याच्या हातून भांडं घेताना सासूला काय होतं, हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत असतील? बाईंनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. त्यावर सरांनी निदान केलं होतं, की झटक्यामुळे तहानेची जाणीव कमी झाली असावी.

निवृत्त होईपर्यंत बाई न्यायाधीश होत्या. आयुष्य वकिलांची भांडणं ऐकण्यात गेलं. पण वकील भांडायचे ते निदान त्यांच्याकडे तोंड करून.

त्यांची चुळबुळ सोबत आलेल्या जावयाच्या लक्षात आली. तो कोपऱ्यातून उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, “आई, जायचंय का? भांडं आणलंय मी पिशवीत.”

“हो, हो, पडदा ओढा आणि इथेच द्या,” मोठे सर वळूनही न बघता म्हणाले. “उठवू मात्र नका.” आणि पुन्हा मॅडमना म्हणाले, “तर मी काय सांगत होतो…”

“पुरे,” बाई म्हणाल्या.

जीभ जड झाली होती, पण आवाज कोर्टातलाच होता. दोघंही त्यांच्याकडे वळले.

“तुमच्या दोन्ही बाजू ऐकल्या. आता माझी ऐका. मला एकच उरली आहे.”

असं म्हणून त्यांनी चार पायांची काठी उजव्या हाताने ओढून घेतली आणि त्या उठायला लागल्या.

“बाई, बसा. पडाल तुम्ही,” सर म्हणाले.

“थांबा, मी कमरेचा पट्टा आणते.”

“जावईबापू,” बाई उठता उठता म्हणाल्या, “ते भांडं पिशवीतून बाहेर काढू नका.”

आणि त्या निघाल्या. करू नये असं सरांनी जे जे सांगितलं होतं, ते सगळं त्यांनी केलं. कंबर एका अंगाला उचकली. गुडघा वाकलाच नाही. डावा पाय फरशी खरवडत बाहेरून फिरून आला आणि पुढे पडला. चाल पुरती वाकडी. डाव्या अंगाला हात पसरून मोठे सर चालले, मागून पट्टा घेऊन धाकट्या मॅडम. जावई पुढे धावला आणि त्याने संडासाचं दार उघडून धरलं.

उंबऱ्याशी बाई थांबल्या. धापा टाकत त्यांनी तिघांकडे पाहिलं. कुणी आत यायला धजलं नाही.

“दार नुसतं लोटून घ्या हं,” मॅडम अजिजीने म्हणाल्या. “कडी नको.”

दार लोटलं गेलं. बाहेर तिघंही दाराला कान लावून ऐकत राहिले. आत काठी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ कडीची खडखड. कडी घट्ट असावी. शेवटी ती बसली.

“दाराशी कोण उभं आहे?” आतून आवाज आला. “व्हा बाजूला.”