एक्कावन्न टक्के

"कंपनीत शेवटचा शब्द कुणाचा?"

"माझा."

"इतक्या पटकन नको, छोटे. पाठ केल्यासारखं वाटतं. जरा थांबून म्हण."

छोटी जरा थांबली आणि म्हणाली, "माझा." तिचं वय बेचाळीस. दादा नऊ वर्षांनी मोठा, आणि घरातलं शेंडेफळ कितीही पिकलं तरी त्याच्या लेखी ते कच्चंच. तपासनीस बाई दहा मिनिटांत येणार होत्या. छोटीच्या तळहातांना सकाळपासून घाम सुटला होता. ओढणीला पुसून पुसून ओढणीच ओली झाली होती.

दवाखान्यांचे आणि शाळांचे कॉम्प्युटर सांभाळणारी ही कंपनी दादाने काढलेली. मोठी मोठी कामं बायकांच्या कंपन्यांसाठी राखून ठेवतात हे कळल्यावर त्याने एक्कावन्न टक्के हिस्सा बहिणीच्या नावावर केला आणि तिला हेल्पडेस्कवर फोन घ्यायला बसवलं. मालकीण नावापुरती. महिला उद्योगाचं प्रमाणपत्र मिळालं, पाठोपाठ तीन वर्षं उत्कृष्ट उद्योजिकेचा पुरस्कारही मिळाला. ट्रॉफी छोटी घ्यायची, भाषण दादा करायचा. तेव्हा सगळं कागदावर भागत होतं. आता नियम बदलला. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाआधी मालकिणीची एकटीची मुलाखत. मालकी खोटी निघाली तर प्रमाणपत्र रद्द, कामं रद्द आणि सही करणाऱ्यावर खटला. सही छोटीची होती.

"एवढं आजचं निभावून ने," दादा म्हणाला. "प्रमाणपत्र हातात पडलं की पुढच्या महिन्यात तो हेल्पडेस्क बंद करतो. फोनला उत्तरं देणारं मशीन लावतो. मग तुलाही आराम."

हेल्पडेस्कवर तिच्याशिवाय सात जणी होत्या. त्यांतल्या तिघींची घरं या पगारावर चालत होती. परवा तिने हिंमत करून तसं सांगूनही पाहिलं होतं. "तुला त्यातलं काय कळतं?" एवढं बोलून दादाने मुलाखतीचे प्रश्न तिच्या हातात दिले होते आणि ती मान डोलावून मोकळी झाली होती. आताही तिने मान डोलावली.

बाई आल्या. काचेच्या खोलीत दोघीच बसल्या. दादाला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा त्याने जाता जाता डोळे मोठे करून बहिणीकडे बघितलं. चुकू नकोस.

बाईंनी विचारलं, माणसं कोण नेमतं, दर कोण ठरवतं, सर्व्हर बंद पडला तर काय करता. छोटीने घोकलेलं सांगितलं. सर्व्हरचं मात्र घोकावं लागलं नव्हतं. कुठल्या दवाखान्याचं कुठलं मशीन कधी रुसतं हे तिला तोंडपाठ होतं.

"आता एकच," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या मनाविरुद्ध तुम्ही घेतलेला एखादा निर्णय सांगा."

हा प्रश्न यादीत नव्हता. दादाला तो सात जन्मांत सुचला नसता.

बाई पेन टेकवून वाट बघत होत्या. सांगायला एकही निर्णय नव्हता. कॉलेज दादाने निवडलं, ते सोडायलाही दादानेच सांगितलं. नाकावरच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा त्याच्याच पसंतीची. आता पकडले जाणार, असं तिला वाटलं. तिने नजर काचेपलीकडे वळवली. सात जणी कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. सगळ्यांत धाकटी हात हलवत कुणाला तरी समजावत होती. काय म्हणत असेल ते छोटीला ओठांवरूनच कळलं. घाबरू नका सिस्टर, मी आहे ना फोनवर.

"दादा हेल्पडेस्क बंद करायचं म्हणतोय," छोटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी बंद करणार नाही."

"त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"ऐकतील?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "ओरडेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ओरडू देत. ओरडल्याने कुणाचे टक्के कमी होत नाहीत. एक्कावन्न तुमचे आहेत. म्हणजे तुम्ही नाही म्हटलंत की विषय संपला. ते खरंच तुमचे आहेत ना?"

हा आकडा छोटीने पाढ्यासारखा घोकला होता. त्याचा असा काही अर्थ होतो, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. या वेळी खरोखरच थांबून म्हणाली. "माझेच आहेत."

बाईंनी ते लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली. प्रमाणपत्राला अडचण दिसत नाही म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या लिफ्टमध्ये शिरल्या न शिरल्या तोच दादा धावत आला. त्याचाही शर्ट पाठीला चिकटला होता. "काय म्हणाल्या?"

"अडचण नाही म्हणाल्या."

"शाब्बास! जिंकलीस!" त्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने हसला. मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ती अजूनही तळहात ओढणीला पुसत होती.

"अगं वेडे, गेल्या त्या बाई. आता कशाला घाबरतेस?"

"त्यांना सांगून झालं, दादा," छोटी म्हणाली. "आता तुला सांगायचंय."