एका बैलाची पेरणी

डावा बैल मेला तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. सूर्यभाननं त्याला ओढून नाल्यापलीकडे नेलं, हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसला. त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, भाकर वाढली. कोणी रडलं नाही.

विलायतेतून कापसाची मागणी आली, तसं पातूरकडच्या त्या शिवारात सगळ्यांनी ज्वारी मोडून कपाशी पेरली होती. ज्वारी नाही म्हणजे गुरांना कडबा नाही. "एक पट्टी ज्वारीले ठेवा," असं मैनाबाई म्हणाली होती. "तुले काय समजते?" म्हणून सूर्यभान हसला होता. आता गावातले निम्मे गोठे रिकामे होते.

तो बार्शीटाकळीच्या बाजारातून तसाच परत आला.

"भेटला का बैल?"

"नाही." पागोटं खुंटीला अडकवत तो म्हणाला, "नत्थुजीनं बायकोले जुंपलं."

मैनाबाईनं ते विहिरीवरच ऐकलं होतं. नत्थुजीच्या रुख्मिणीचा खांदा सोलून निघाला, असं बाया सांगत होत्या.

"पेरनी झाली त्याईची?" तिनं विचारलं.

"झाली."

संध्याकाळी त्यानं तिचं जुनं लुगडं मागून घेतलं आणि घड्या घालून जाड गादी शिवायला बसला. सुई तिनंच ओवून दिली. जेवताना तो म्हणाला, "अजून अर्धी घे. उद्या ताकद लागन."

तिनं घेतली. चव कळली नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. एकदाचं आटपावं, एवढंच वाटलं.

सकाळी शेतात त्यानं उजवा बैल पेरणीच्या तिफणीला जुंपला. जुवाची डावी बाजू मोकळी होती. मैनाबाईनं पदर कमरेला खोचला आणि न सांगता बैलाशेजारी जाऊन मान वाकवून उभी राहिली.

"तिथं काहून उभी?"

सूर्यभाननं तिला दंडाला धरून मागं आणलं. बियाण्याची झोळी तिच्या कमरेला बांधली, बी सोडायचं चाडं दाखवलं. बाईमाणसानं त्या घरात कधी तिफणीला हात लावला नव्हता. त्यानं तिच्या मुठीत बैलाला टोचायची पराणी दिली, पुढं गेला, गादी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि जुवाखाली वाकला.

"तास सरळ ठेव," मान न वळवता तो म्हणाला. "अन् मी बसलो तं टोच."