साक्ष

रविवारी चर्चमध्ये भक्तीला मी धाकट्या भावाशेजारी, कृपादानशेजारी बसले आणि त्याचे डोळे पिवळे दिसले. अठ्ठ्याण्णव साली मी त्याला किडनी दिली होती. त्याआधी डायलिसिसच्या दिवसांत त्याला काविळीचे जंतू चिकटले होते. त्यावर रोज एक गोळी होती. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रिपोर्ट चांगला आला तरी ही गोळी सोडायची नाही. जंतू मेलेला नाही, झोपलाय. गोळी बंद केली की उठेल आणि लिव्हर खाईल." रिपोर्ट चांगला आला, आणि 'प्रभूनं मला पूर्ण बरं केलं' अशी साक्ष हा सगळ्या मंडळीसमोर देऊन मोकळा झाला. त्या दिवसापासून ती गोळी बंद. किडनीच्या गोळ्या मात्र न चुकता घ्यायचा, कारण किडनी माझी होती. "लघवी कशी होतीय?" मी हळूच विचारलं. "आठ दिस झाले, लई पिवळी. पर कुनाला सांगू नको, ताई. साक्ष दिलीय मी." त्यानं सोडल्यापासून मी पर्समध्ये बाळगलेली त्याच गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या मुठीत कोंबली. "आत्ताच्या आत्ता गिळ." तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "नगरहून पाहुणे आलेत. कृपादानभाऊंनी आपली साक्ष पुन्हा सांगावी." सगळे वळून बघायला लागले. दानाचे पैसे गोळा करणारी अर्पणाची थैली आमच्या बाकापाशी आली. कृपादाननं पट्टी थैलीत टाकली, शर्ट नीट केला आणि हसत उठला.