मातीच्या भिंती

तीस वर्षं जोवेलिना भात-घेवड्याचा एकेक घास पाण्याच्या घोटाने खाली ढकलत आली होती. घास अडकला की घरचे पाठ थोपटत घशाचं रक्षण करणाऱ्या साओ ब्रास संताचा धावा करायचे. आता अन्ननलिकाच काढायची ठरली, तेव्हा तिने डॉक्टरांना विचारलं, "हे मेलं दुखणं आलं तरी कुठून?"

"मातीच्या भिंतीतून, जोवेलिनाबाई. फटीतला किडा झोपेत तोंडाला चावतो. एक डोळा टम्म सुजतो, मग आपोआप उतरतो. गिळणं बंद पडायला पुढे कित्येक वर्षं जातात. लहानपणी सुजला होता का डोळा?"

"सुजला होता की! आई म्हणायची, देवदूताने मुका घेतला."

"ते घर पाडलं ना?"

"छे हो! भावाने जिवापाड जपलंय."

दुपारी तिची मुलगी निल्झा चार वर्षांच्या इयाराला घेऊन आली. "तुझ्या दवाखान्यापायी तीन आठवडे मामाकडेच ठेवली होती गं हिला."

 

एक डोळा टम्म सुजलेली इयारा पलंगावर चढली. "आजी, मामाआजोबा म्हणाले, देवदूताने माझा मुका घेतला!"