अडवून दाखवा

मुख्य बचावपटूचा पाय मुरगळला, तेव्हा कुठे प्रशिक्षकांनी सुकन्याला मैदानात धाडलं. बाळंतपणानंतर तिचा वेग उरला नाही, असं म्हणत त्यांनी तिला हंगामभर बाकावर बसवलं होतं. क्लब तिच्याशी पुढचा करारही करणार नव्हता.

कोल्हापूरच्या मैदानावरच्या त्या अंतिम सामन्यात तिचा संघ एका गोलने पुढे होता. अगदी शेवटी समोरची चपळ स्ट्रायकर चेंडू घेऊन एकटीच सुसाट सुटली. पळण्यात आपण हरणार, हे सुकन्याला ठाऊक होतं. म्हणून ती झेपावलीच नाही. गोलपोस्टकडची वाट अडवत मागे मागे सरकत राहिली. त्या पोरीचा धीर सुटला, चेंडू पायापासून जरासा लांब गेला, आणि सुकन्याने अंग झोकून तो मैदानाबाहेर उडवला.

शिट्टी वाजली. चषक त्यांचा झाला.

“पुढच्या हंगामातही तूच हवीस,” प्रशिक्षक म्हणाले. सुकन्याचं लक्ष मात्र प्रेक्षकांत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच फुटबॉल बघायला आलेल्या तिच्या सासूबाई, नातवाला कडेवर घेऊन, शेजारणीला ठणकावून सांगत होत्या, “गोल काय, कुणीबी मारतंय. असं अडवून दाखवा म्हणावं! सून हाय माझी.”