सातशे फेऱ्या

बासष्ट साली तंजावूरच्या भातगिरणीतल्या डिझेल इंजिनाचा शाफ्ट दुसऱ्यांदा तुटला, तेव्हा कनकलतेनं घरीच शिकलेल्या गणितानं तीन महिने वह्या भरल्या. "भाओजी, मिनिटाला सातशे फेऱ्यांवर इंजिन रेंगाळलं की शाफ्ट पिळवटतो. तेवढा वेग झटकन ओलांडायचा," तिनं गिरणीवाल्या दिराला बजावलं आणि वेगाच्या तबकडीवर सातशेपाशी लाल रेघही ओढली. खंडेनवमीला, यंत्रांच्या आयुधपूजेत गड्यांनी तबकडीला चंदन फासून वर कुंकू लावलं. रेघ झाकली गेली. पूजेचं कुंकू पुसणार कोण? विजयादशमीला इंजिन नेमकं सातशेवर घुमत राहिलं, शाफ्ट तिसऱ्यांदा तुटला. "काय जीभ तुमची, वैनी! बोललात तिथंच तुटला!" दीर करवादला. "अहो, तो शाप नव्हता, गणित होतं!" ती वैतागली. "मग नव्या शाफ्टचं गणित जरा शुभ मांडा," म्हणत त्यानं तिच्यापुढं विडा, केळी आणि हळद लावलेली कोरी वही ठेवली.